मुलाच्या पासपोर्टला दोघांची सही लागतेच का?

मुलाचा पासपोर्ट काढायचे ठरले की घरात सगळ्यात आधी जन्मदाखल्याची शोधाशोध सुरू होते. तो बहुतेक वेळा सापडतो. नाही सापडला तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दुसरी प्रत मिळते. अर्ज अडतो तो वेगळ्याच कागदावर. तो कागद कुठल्या कपाटात सापडत नाही, कारण तो आईवडिलांनी स्वतःच लिहून द्यायचा असतो: हे मूल आमचे आहे, त्याची जबाबदारी आमची आहे, त्याला पासपोर्ट द्यायला आमची हरकत नाही. खाली दोन सह्या. दोघे एका घरात असतील तर हे पाच मिनिटांचे काम. पण वडील बोटीवर असतील, आई दुबईला नोकरी करत असेल, दोघे वेगळे राहत असतील किंवा वडील कुठे आहेत हेच माहीत नसेल, तर त्याच पाच मिनिटांचे महिने होतात.

ओळखीपाळखीच्या लोकांचे अर्ज भरून देताना हा कागद माझ्या हातून बऱ्याचदा गेला आहे. लोकांचे नुकसान नियमांमुळे थोडे आणि ऐकीव माहितीमुळे जास्त होते, हे मी पाहत आले आहे. "वडिलांच्या सहीशिवाय मुलाचा पासपोर्ट निघतच नाही" हे वाक्य ऐकून अर्ज न करताच थांबलेल्या आया मला माहीत आहेत. हे वाक्य चुकीचे आहे. दुसऱ्या टोकाला, सही मिळत नाही म्हणून नवऱ्याची सही स्वतःच करून टाकावी का, असे विचारणारेही भेटतात. तो तर स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा आहे. या दोन टोकांच्या मधे एक सरळ, कायदेशीर वाट आहे. ती नीट सांगावी म्हणून हे लिहिते आहे.

संमती मागतात कशासाठी

१९६७ च्या आधी आपल्याकडे पासपोर्ट देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय तो कोणाला नाकारता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी २४ जूनला पासपोर्ट कायदा आला. आज आपण भरतो ते सगळे फॉर्म या कायद्यातून आणि त्याखालच्या १९८० च्या नियमांतून आले आहेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की हक्क मुलाचा आहे. अर्जदार मूल असते, आई किंवा बाप नव्हे. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत कायद्याने स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने पालक बोलतात. आणि पालक दोन असतात, म्हणून दोघांना विचारले जाते.

यामागे एक खरी भीतीही आहे. नवरा-बायकोचे भांडण टोकाला गेले की एकाने मुलाला घेऊन गुपचूप परदेश गाठण्याच्या घटना घडतात. अशा मुलांना परत आणण्यासाठी १९८० सालचा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. त्यामुळे एकदा मूल देशाबाहेर गेले, की मागे राहिलेल्या पालकाला तिथल्या कोर्टात लांबलचक लढाई लढावी लागते. पासपोर्टसाठी दोघांची संमती मागणे ही मूल बाहेर जाण्याआधीच्या मोजक्या थांब्यांपैकी एक जागा आहे. मागे राहिलेल्या त्या आईचा किंवा बापाचा विचार केला की ही चौकशी मला जाचक वाटत नाही.

मात्र विचारणे वेगळे आणि नकाराधिकार देणे वेगळे. दुसऱ्या पालकाला विचारले जाते याचा अर्थ त्याने हात आखडला की मुलाचा हक्क संपला, असा होत नाही. नियमांत दोन कागद आहेत ते याच फरकासाठी.

'डी' आणि 'सी'

पासपोर्टच्या भाषेत या कागदांना ॲनेक्शर म्हणतात, म्हणजे अर्जासोबतची जोडपत्रे. दोघांची संमती असेल तर ॲनेक्शर डी. एकाची संमती मिळालेली नसेल तर ॲनेक्शर सी. व्हॉट्सॲपवर अजूनही फिरणाऱ्या जुन्या याद्यांमध्ये 'जी' आणि 'एच' अशी अक्षरे दिसतात. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे करताना जोडपत्रे पंधरावरून नऊवर आणली गेली आणि अक्षरे बदलली. तेव्हा नमुना नेहमी पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा.

डीमध्ये दोघेही पालक लिहून देतात की हे मूल आमचे आहे, भारताचे नागरिक आहे, त्याच्या खर्चाची जबाबदारी आम्ही घेतो आणि दिलेली माहिती खरी आहे. सीमध्ये यातले बरेचसे असतेच, पण लिहून देणारा पालक एकटा असतो आणि एक जास्तीची गोष्ट असते: दुसऱ्याची संमती का नाही, याचे कारण. सगळा जीव त्या कारणात आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

दोन्ही कागद साध्या पांढऱ्या कागदावर चालतात. २३ डिसेंबर २०१६ पासून ही जोडपत्रे स्वयंघोषणा मानली जातात. त्यासाठी नोटरी, कार्यकारी दंडाधिकारी किंवा स्टॅम्प पेपर लागत नाही. इतकी वर्षे होऊनही लोक स्टॅम्प पेपरवर टाइप करून, शिक्का मारून आणतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. देशातल्या देशात अर्ज करताना त्याची गरज नाही.

साधा कागद आहे म्हणून मजकूर हलका आहे असे मात्र समजू नका. पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्का गेला, जबाबदारी राहिली.

संमती आहे, माणूस इथे नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात सोपा आहे, तरी लोक इथेच घाबरतात.

दुसरा पालक भारतातच दुसऱ्या गावी असेल, सैन्यात असेल किंवा बदलीच्या ठिकाणी असेल, तर ॲनेक्शर डी छापून त्याच्याकडे पाठवा. त्याने सही करून, आपल्या पासपोर्टची स्वतः साक्षांकित केलेली झेरॉक्स जोडून कुरिअरने परत पाठवायची. अपॉइंटमेंटला दोघांनी जायलाच हवे असे नाही. डीवर दोघांच्या सह्या असतील तर मुलासोबत एक पालक पुरतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या सहीच्या फोटोची प्रिंट मात्र नेऊ नका. शाईची मूळ सही असलेला कागद हवा.

दुसरा पालक परदेशात असेल तर एक पायरी वाढते. त्याने तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन शपथपत्र साक्षांकित करून घ्यायचे आणि ते ॲनेक्शर डीसोबत इकडे पाठवायचे. वर म्हटले की नोटरी लागत नाही, त्याला हा अपवाद. दूतावासाची वेळ मिळणे, कागद टपालाने येणे यात दिवस जातात, तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी याला सुरुवात करा.

जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरी आणखी वेगळी अडचण असते. माणूस सहा-सहा महिने बंदराबंदरांतून फिरत असतो. त्याला कुठला दूतावास आणि कुठले कुरिअर? त्यांना माझे एकच सांगणे असते: सुटीवर घरी असतानाच मुलाचा अर्ज उरकून टाका. परदेश प्रवास ठरलेला नसला तरी चालेल. पासपोर्ट कपाटात राहिला म्हणून काही बिघडत नाही.

सही मिळतच नाही तेव्हा

आता अवघड भाग. नवरा-बायको वेगळे राहतात पण घटस्फोट झालेला नाही. किंवा कौटुंबिक न्यायालयात केस चालू आहे. किंवा एकजण घर सोडून गेला आहे आणि संपर्क नाही. किंवा संपर्क आहे, पण सहीच्या बदल्यात काहीतरी मागितले जाते: केस मागे घे, पोटगी सोड, मग सही करतो. शेवटचा प्रकार मी इतक्या जणींकडून ऐकला आहे, की तो अपवाद मानणे मी सोडून दिले आहे.

या सगळ्यांसाठी ॲनेक्शर सी आहे. ज्या पालकाकडे मूल राहते तो एकटा सही करतो आणि दुसऱ्याची संमती का मिळाली नाही ते लिहितो. इथे दोन चुका होतात. एक, कारण इतके त्रोटक लिहिणे की वाचणाऱ्याला काही कळू नये: "घरगुती कारणामुळे", "वैयक्तिक अडचण". दोन, संसाराची सगळी कहाणी मांडणे. समोरच्या अधिकाऱ्याला तुमच्या नवऱ्याचा स्वभाव ठरवायचा नसतो. त्याला चार गोष्टी कळायला हव्यात: मूल कोणाकडे आहे, दुसरा पालक कुठे आहे, कोर्टात काही चालू आहे का, आणि कोर्टाने मुलाच्या पासपोर्टवर किंवा परदेश प्रवासावर मनाई केली आहे का.

असे काहीतरी लिहिले तर पुरते: "मी आणि मुलीचे वडील २०२२ पासून वेगळे राहतो. मुलगी तेव्हापासून माझ्याकडे आहे. घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात प्रलंबित आहे. मुलीला पासपोर्ट देण्यास किंवा तिला परदेशी नेण्यास न्यायालयाने मनाई केलेली नाही. वडिलांकडे संमती मागितली असता त्यांनी दिली नाही." पाच वाक्ये, पाचही तपासून पाहता येतील अशी. सोबत केसच्या अर्जाची प्रत आणि आजवर झालेल्या आदेशांच्या प्रती. ताब्याबद्दल अंतरिम आदेश असेल तर तो सगळ्यात वर ठेवा.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. "संमती मागितली, दिली नाही" हे लिहायला लोक कचरतात. त्यांना वाटते, नकार आहे असे सांगितले तर अर्ज गेलाच. त्यापेक्षा "पत्ता माहीत नाही" लिहू. मग कार्यालयाने चौकशी केली, किंवा त्या माणसाने स्वतःच तक्रार केली, आणि तो तर मागच्या महिन्यात कोर्टाच्या तारखेला समोरासमोर उभा होता असे निघाले, की खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो. कलम १० प्रमाणे खोट्या माहितीवर किंवा माहिती दडवून मिळवलेला पासपोर्ट जप्त होऊ शकतो. शिवाय ताब्याच्या केसमध्ये समोरच्या वकिलाच्या हाती आयते हत्यार जाते. आपणच खरे असताना एका खोट्या ओळीने खोटे ठरायचे, याइतके दुःखाचे दुसरे काही नाही.

सही गिरवण्याबद्दल तर बोलायलाच नको. तो बनावटीचा वेगळा फौजदारी गुन्हा होतो आणि त्याचा डाग त्या मुलाच्या कागदपत्रांवर लागतो.

अपॉइंटमेंटच्या दिवशी पासपोर्ट सेवा केंद्रावर गेल्यावर काय होते तेही सांगते, म्हणजे ऐनवेळी छातीत धडधड होणार नाही. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो निघतो. बी काउंटरवर सरकारी अधिकारी मूळ कागद तपासतो. सी काउंटरवर मंजुरी देणारा अधिकारी बसतो. ॲनेक्शर सी असेल तर प्रश्न बहुधा बी आणि सी काउंटरवर येतात. कधी आणखी कागद मागून अर्ज थांबवून ठेवतात. अर्ज थांबवणे म्हणजे नाकारणे नव्हे. काय कमी आहे ते लिहून घ्या आणि घेऊन या. दोघांची संमती असलेल्या आणि पालकाकडे वैध पासपोर्ट असलेल्या अर्जांत मुलाचे पोलिस व्हेरिफिकेशन सहसा टळते. सीच्या अर्जात पोलिस घरी येतील असे धरूनच चला आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

आणि तरीही कार्यालयाने "वडिलांची हरकत आहे" म्हणून हात वर केले तर?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर नेमके असेच प्रकरण आले. पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जायचे होते. आईवडिलांचा घटस्फोटाचा वाद चालू, वडिलांची हरकत. आईने ॲनेक्शर सी भरून दिला होता, तरी पासपोर्ट अडला. न्यायालयाने म्हटले की आईवडिलांच्या भांडणामुळे मुलीचा परदेशी जाण्याचा घटनादत्त हक्क हिरावता येणार नाही, आणि पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. आजच्या काळात परदेश प्रवास ही चैन राहिलेली नाही, असेही खंडपीठाने नमूद केले. ज्यांच्याकडे सी भरायची वेळ आली आहे त्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा आणि वकिलालाही दाखवावा.

पण आधी कोर्ट नाही, आधी कागद. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. कलम ५ प्रमाणे अधिकाऱ्याने कारण नोंदवायचे असते आणि मागितल्यावर प्रत द्यायची असते. तोंडी "होणार नाही" हा नकार धरू नका. लेखी नकारावर कलम ११ खाली अपील करता येते, त्याला मुदत असते, म्हणून कागद हातात पडल्यावर दिवस मोजायला लागा. कौटुंबिक न्यायालयात आधीच केस चालू असेल तर त्याच केसमध्ये मुलाच्या पासपोर्टला परवानगी मिळावी असा अर्ज करता येतो. मला हा मार्ग जास्त आवडतो. तिथे दुसऱ्या पालकालाही बोलायची संधी मिळते, आणि न्यायाधीशांचा आदेश आला की पासपोर्ट कार्यालयात वाद उरत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. कलम ६ मध्ये असे आहे की अर्जदारावर फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नवऱ्यावर किंवा सासरच्यांवर छळाची फौजदारी केस आहे म्हणून मुलाचा पासपोर्ट अडेल, अशी भीती काहींना त्यामुळे वाटते. मघाशी म्हटले तेच पुन्हा: अर्जदार मूल आहे. खटला त्याच्यावर नाही.

उलट बाजूने पाहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. दुसरा पालक मुलाला कायमचे बाहेर नेईल अशी खरी भीती तुम्हाला वाटत असेल, तर सही अडवून धरणे पुरेसे नाही, हे आता लक्षात आले असेल. पासपोर्ट कार्यालय मुलाचा ताबा ठरवत नाही. तुमची जागा कोर्टात आहे: मुलाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ नये असा आदेश मिळवा आणि त्याची प्रत पासपोर्ट कार्यालयाला द्या. त्या आदेशाला वजन असते, नुसत्या तक्रारीच्या पत्राला तेवढे नसते.

एकच पालक असेल तेव्हा

दुसऱ्या पालकाचे निधन झाले असेल तर मृत्यूचा दाखला आणि हयात पालकाची घोषणा. यात वाद नसतो. घटस्फोट होऊन ताबा एकाकडे आला असेल तर हुकूमनाम्याची प्रत लागते. त्यात दुसऱ्या पालकाला मुलाला भेटण्याचा हक्क दिला असेल तर तो परिच्छेद अधिकारी वाचणारच, म्हणून अर्धीमुर्धी प्रत न नेता पूर्ण न्या. आईने दुसरे लग्न केले असेल तर सावत्र वडील केवळ लग्नामुळे मुलाचे कायदेशीर पालक होत नाहीत. संमतीच्या जागी त्यांची सही चालत नाही. दोन्ही पालक नसतील तर कोर्टाने नेमलेला पालक सही करतो, आणि अनाथाश्रमातल्या मुलांसाठी संस्थेच्या प्रमुखाची घोषणा चालते.

एकट्या आईबद्दल मात्र थांबून लिहायला हवे, कारण तिला आजही सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक "वडील, आणि त्यांच्यानंतर आई" असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी आईच्या सहीने अर्ज केला तेव्हा वडिलांची सही मागितली गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयाने "नंतर" या शब्दाचा अर्थ उलगडला: वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तर वडील प्रत्यक्षात मुलाच्या पालनपोषणात नसतील तर आईच नैसर्गिक पालक. २०१५ मध्ये याच न्यायालयाने सांगितले की अविवाहित आईला मुलाचे पालकत्व मिळवण्यासाठी वडिलांचे नाव उघड करण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची सक्ती नाही. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्या आईच्या मुलीला वडिलांच्या नावाशिवाय पासपोर्ट द्यायला लावला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नियमच बदलले: आता अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव दिले तरी पुरते.

म्हणजे पासपोर्टवर वडिलांचे नाव असलेच पाहिजे, हे आता खरे नाही. काउंटरवर कोणी तसे म्हटले तर शांतपणे २०१६ च्या नियमाचा उल्लेख करा आणि वरच्या अधिकाऱ्याला भेटायची विनंती करा. आवाज चढवायची गरज पडत नाही, नियम तुमच्या बाजूने आहे.

नावांचा घोळ

संमती असते, सह्या असतात, तरी मराठी घरांतले अर्ज एका खास कारणाने अडतात: आईचे नाव. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव वडिलांच्या जागी नवऱ्याचे होते, आणि काही घरांत पहिले नावसुद्धा. मग मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचे नाव, आईच्या पासपोर्टवर माहेरचे, आधारवर तिसरेच. ॲनेक्शर डीवर सही करणारी बाई आणि दाखल्यातली आई एकच आहे हे अधिकाऱ्याला कसे कळावे? विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत असले की हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. पहिले नावच बदलले असेल तर राजपत्रातली नोंद जपून ठेवा. वेळ हाताशी असेल तर आधी आईचा पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा, मग मुलाचा अर्ज करावा, असे मी सुचवते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आला आहे. चांगला निर्णय आहे, पण अर्ज भरताना जपा: जन्मदाखल्यावर नाव जसे आहे तसेच पासपोर्टच्या अर्जात उतरवा, सवयीने आईचे नाव गाळू नका. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. दाखल्यावर बाळाचे नाव घातलेले नसेल तर ते काम आधी.

पासपोर्टची संमती म्हणजे प्रवासाची नव्हे

ॲनेक्शर डीवर सही केली म्हणजे मुलाला कुठेही न्यायला परवानगी दिली, असे नाही. व्हिसा देताना अनेक देशांचे दूतावास, युरोपातले शेंगेन देश त्यात आलेच, सोबत न जाणाऱ्या पालकाचे वेगळे संमतिपत्र मागतात. ते पत्र ज्या त्या दूतावासाच्या नमुन्यात लागते आणि तिथे नोटरी मागितली जाऊ शकते. वेगळे राहणाऱ्या पालकांनी हे दोन्ही कागद मनात वेगळे ठेवले तर सही द्यायची भीतीही थोडी कमी होते.

मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यातले जे आधी असेल तोपर्यंत चालतो. म्हणजे दोन वर्षांच्या बाळाचा पासपोर्ट शाळेत जाता जाता संपतो, आणि पुन्हा काढताना संमतीचा कागद पुन्हा नव्याने लागतो. मागच्या वेळची सही पुढे चालत नाही. १५ ते १८ वयात दहा वर्षांचा पासपोर्ट घेण्याचा पर्याय असतो. ज्यांच्या घरी सही मिळवणे ही दरवेळची लढाई आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. त्याची फी १,५०० रुपये, लहान मुलांच्या नेहमीच्या पासपोर्टची १,००० रुपये, आणि आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या पासपोर्टला दहा टक्के सूट.

अपॉइंटमेंटच्या दिवशी मूल सोबत हवेच. चार वर्षांपर्यंतच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरूनच न्यायचा असतो, मोठ्या मुलांचा तिथे निघतो. आणि कागदी अर्जात किंवा जिथे अर्जदाराची सही मागितली असेल तिथे आईने किंवा वडिलांनी सही करू नये. लिहिता न येणाऱ्या बाळाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा: मुलगा असेल तर डाव्या, मुलगी असेल तर उजव्या. शाईचा पॅड आणि ओला रुमाल पिशवीत ठेवा, आणि ठसा घेताना बाळाची मूठ आधी हळूच उघडून धरा.